रुग्णनोंदींची दुसरी प्रत

नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्याने दिल्लीच्या एम्सची संगणकप्रणाली ठप्प झाली आणि कित्येक दिवस तेथील नोंदी हाताने लिहाव्या लागल्या. आपल्या चिकित्सालयात तर एकच संगणक! माझ्याकडे नोंदींची प्रत होती. पण ती हार्ड डिस्क सदैव संगणकालाच जोडलेली. ईमेलने आलेले खोटे बिल उघडले आणि मूळ नोंदींसह प्रतही कुलूपबंद झाली. स्नेहपानाच्या चौथ्या दिवशी, काल मात्रा किती दिली होती, हे मला रुग्णालाच विचारावे लागले. वैद्यमित्रहो, प्रत घेताच डिस्क काढून कपाटात ठेवावी आणि अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. ईमेलला द्विस्तरीय पडताळणी लावावी. पासवर्ड टेबलाच्या काचेखाली ठेवण्याची आपली प्रथाही आता पुरे.