विश्लेषण : सॉसमधली ब्रँडी खरेच ‘उडून’ जाते का? कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवरच्या ताटात नेमके काय उरते?

शनिवार दुपारपासून कर्जत-खोपोलीच्या लोकल आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग वीकेंडच्या पाहुण्यांनी भरून जातात. नेरळ, कशेळे, कडाव, चौक, खोपोली या पट्ट्यातल्या फार्महाऊसवर एकेकाळी जेवण म्हणजे गावठी कोंबडी, मटण आणि तांदळाची भाकरी एवढेच ठरलेले असे. आता मागणी वाढली आहे. मोबाइलवर व्हिडीओ पाहून आलेल्या पाहुण्याला ‘मस्टर्ड सॉस’ हवा असतो, त्यात ब्रँडी हवी असते आणि पॅनमधून भडकलेली निळी-पिवळी ज्वाळा रीलसाठी हवी असते. सोबत मुले असतील तर उत्तर तयार असते, ‘काळजी करू नका, दारू जळून जाते.’

ही समजूत चुकीची आहे. आणि ती फक्त स्वयंपाकघरातली चूक राहत नाही, कारण त्याच टेबलावर पाच वर्षांचे मूल असते, गरोदर बाई असते, दारू सोडलेला माणूस असतो आणि जेवणानंतर घाट चढायचा असलेला ड्रायव्हरही असतो.

ज्वाळेने किती दारू जळते?

अमेरिकेत १९९२ साली याच प्रश्नावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दारू घालून केलेले सहा पदार्थ प्रत्यक्ष शिजवून त्यात किती मद्यार्क उरतो, हे मोजले गेले. पदार्थ आणि पद्धत पाहून हे प्रमाण ४ टक्क्यांपासून ८५ टक्क्यांपर्यंत निघाले. ब्रँडी ओतून पेटवलेल्या चेरीच्या पदार्थात ज्वाळा विझल्यावरही सुमारे तीन चतुर्थांश मद्यार्क शिल्लक होता. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातले आकडेही याच अंगाचे आहेत. उकळत्या रश्श्यात दारू ढवळून लगेच आचेवरून उतरवली तर ८५ टक्के उरते, पेटवली तर ७५ टक्के. मिसळून १५ मिनिटे मंद उकळली तर ४० टक्के, अर्ध्या तासाने ३५, तासाने २५, दोन तासांनी १० आणि अडीच तासांनी ५ टक्के.

म्हणजे दहा सेकंदांची आतषबाजी जेवढी दारू घालवते, त्यापेक्षा पंधरा मिनिटांची कंटाळवाणी मंद आच कितीतरी जास्त घालवते.

असे का होते? मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो आणि पाणी १०० अंशांना, म्हणून ८० अंशांवर दारू निघून जाईल आणि पाणी मागे राहील, हे शाळेतले गणित इथे लागू पडत नाही. दोन्ही मिसळले की मिश्रणाचा उत्कलनबिंदू मधे कुठेतरी येतो आणि मद्यार्क जसा कमी होतो तसा तो पाण्याच्या बाजूला सरकतो. दोन्हींची वाफ एकत्रच निघत राहते. ज्वाळेचेही तसेच. जळते ती पृष्ठभागावरची वाफ. वाफेतले मद्यार्काचे प्रमाण एका मर्यादेखाली गेले की ज्वाळा विझते. ती विझली याचा अर्थ दारू संपली असा नसून, पेटण्याइतकी वाफ आता वर येत नाही एवढाच.

एका ताटाचे गणित

आपल्याकडच्या ब्रँडीच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के मद्यार्क असे छापलेले असते. चार जणांच्या सॉसमध्ये ६० मिलिलिटर, म्हणजे एक लार्ज पेग घातला, तर त्यात सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क येतो. पेटवून विझू दिला तर १५ ग्रॅम उरतो. ताटागणिक साधारण पावणेचार ग्रॅम.

सत्तर किलोच्या माणसासाठी हे फार नाही. सगळा एकदम शोषला गेला असे धरले तरी ढोबळ हिशोबाने रक्तातले प्रमाण १०० मिलिलिटरला १० मिलिग्रॅमच्या आतच राहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. त्यामुळे केवळ सॉस खाऊन कोणी ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’मध्ये अडकेल असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. (सोबत दोन पेग झाले असतील तर सॉसला दोष देऊ नये.)

पण तोच वाटा १८ किलोच्या मुलाने पूर्ण खाल्ला, तर हाच ढोबळ हिशोब ३० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊन पोहोचतो. मोठ्या माणसाला जिथे गाडी चालवायला कायदा मनाई करतो, साधारण तिथे. जेवणाबरोबर पोटात गेल्याने शोषण हळू होते, प्रत्यक्ष आकडा कमी येईल. तरीही ‘जळून गेली’ म्हणत मुलाच्या ताटात वाढावी अशी ही गोष्ट नाही. गरोदरपणात तर मद्यार्काची सुरक्षित मात्रा ठरलेलीच नाही.

आणखी एक माणूस या चर्चेत नेहमी विसरला जातो. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम ही गोळी घेणारा. ही गोळी चालू असताना मद्यार्क पोटात गेला तर चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या, रक्तदाब घसरणे असा त्रास होतो, आणि तो थोड्या मात्रेनेही होऊ शकतो. म्हणूनच या औषधाच्या माहितीपत्रकात सॉस, व्हिनेगर, खोकल्याचे औषध अशा ‘लपलेल्या’ मद्यार्काबद्दल वेगळा इशारा असतो. असा माणूस मित्रांबरोबर फार्महाऊसवर येतो, ग्लासला हात लावत नाही आणि चिकन मात्र निर्धास्त मागवतो.

मग ब्रँडी घालतात कशासाठी?

चवीसाठी, आणि ते कारण खरे आहे. मांस परतल्यावर पॅनच्या तळाला जी तपकिरी खरवड धरते, तिच्यात सगळ्यात जास्त चव असते. पातळ पदार्थ ओतून ती सोडवणे हा या फ्रेंच धर्तीच्या सॉसचा पाया. काही वास पाण्यात विरघळतात, काही तेलात. मद्यार्क दोन्हींशी जमवून घेतो आणि स्वतः पटकन उडत असल्याने ते वास नाकापर्यंत पोहोचवतो. द्राक्षाचा आणि लाकडी पिंपाचा गोडसर वास वेगळाच. मात्र आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त ब्रँडीत द्राक्षापेक्षा उसाच्या मळीचा मद्यार्कच जास्त असतो. ती ओतून पिंपाच्या चवीची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

ज्वाळेचे चवीतले योगदान यापुढे अगदीच किरकोळ. रायगडात आगीवरच्या जेवणाचा खरा तमाशा आधीपासून आहे, तो म्हणजे पोपटी. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी रचायची, तोंड पाल्याने बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावा आत कोंडतो आणि त्यात सगळे शिजते. पोपटीची आग स्वयंपाक करते. ब्रँडीची आग फोटो काढून घेते.

मोहरीची गोष्ट वेगळी

सॉसमधला खरा कामाचा घटक मोहरी आहे, आणि मराठी स्वयंपाकघराला तो परका नाही. डिजाँ मस्टर्ड म्हणजे तपकिरी मोहरी आंबट द्रवात वाटून केलेली पेस्ट. आपल्याकडे लोणच्यात, रायत्यात जाते ती फेसलेली मोहरी याचीच चुलत बहीण.

मोहरीचा दाणा तसाच चावला तर लगेच झणका येत नाही. दाण्यात एक संयुग आणि एक विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा फुटून पाणी मिळाले की दोन्ही भेटतात आणि नाकात जाणारे उडनशील तेल तयार होते. पाणी गरम असेल तर विकर निकामी होते, म्हणून मोहरी थंड पाण्यात फेसायची ही आजीची सूचना रसायनशास्त्राला धरून आहे. फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते पण झणझणत नाही, त्याचेही कारण हेच. आणि आंबटपणा हा झणका टिकवून धरतो, म्हणून पेस्टमध्ये व्हिनेगर.

यावरून सॉसचा क्रम ठरतो. मोहरी शेवटी घालायची, आच बंद करून. दहा मिनिटे उकळलेल्या मस्टर्ड सॉसमध्ये फक्त पिवळा रंग आणि किंचित कडवटपणा उरतो, मग आयात केलेली महाग बाटली वापरा नाहीतर घरचे वाटण. मोहरीच्या सालीतला चिकट भाग तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतो, त्यामुळे मलई थोडी घातली तरी सॉस फुटत नाही. म्हणजे ब्रँडी आधी आणि मोहरी शेवटी. हॉटेलात घाईत बऱ्याचदा नेमके उलटे होते.

मटणाला हे जमते का?

मूळ पाककृती बहुतेक गोमांसाच्या स्टेकसाठी लिहिलेल्या. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६च्या कायद्याने बंदी होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे इथल्या ताटात येते ते बोकडाचे मटण नाहीतर चिकन. चिकनच्या मांडीला हा सॉस चांगला जमतो. बोकडाची मांडी मात्र तीन मिनिटे परतून चामड्यासारखीच राहते. तिच्यातले चिवट धागे विरघळायला तास-दीड तास हवा.

हा तोटा नव्हे. मटण उघड्या, रुंद पातेल्यात दीड तास मंद आचेवर शिजणार असेल आणि ब्रँडी सुरुवातीलाच घातली असेल, तर अमेरिकी तक्त्याप्रमाणे २० टक्केच मद्यार्क उरतो. घोळ होतो तो कुकरमध्ये. आपल्याकडे मटण म्हणजे कुकर. झाकण घट्ट असल्याने वाफ आतच फिरते, शिट्टीतून जाईल तेवढीच बाहेर. म्हणून मटण आधी ब्रँडीशिवाय कुकरला लावावे, मग रस्सा उघड्या पॅनमध्ये आटवताना ब्रँडी घालावी. ज्यांना नकोच आहे त्यांच्यासाठी भिजवलेल्या काळ्या मनुका त्यांच्या पाण्यासकट वाटून, चमचाभर व्हिनेगर घालून सॉस करता येतो. चव तीच नाही येत, पण खोटीही वाटत नाही.

मेन्यूवर एक ओळ का नाही?

महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार राज्यात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. ब्रँडी, व्हिस्कीसारख्या कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. परवाना नसताना फार्महाऊसवर दारू पुरवणे हा गुन्हा आहे. ग्लासासाठी इतकी काटेकोर व्यवस्था असलेल्या राज्यात तीच ब्रँडी ताटातून न सांगता दिली जाते, हे विचित्र आहे. शाकाहारी-मांसाहारी वेगळे लिहायची सवय लागली, तशी ‘यात ब्रँडी आहे’ ही तीन शब्दांची ओळ लिहायला एक रुपयाही लागत नाही. मटण आवडीने खाणारा पण दारूला न शिवणारा माणूस जवळजवळ प्रत्येक कुटुंबात असतो. त्याचा धर्म, त्याचे औषध, त्याचे कारण विचारायची गरज नाही. पदार्थात काय आहे हे त्याला आधी कळले पाहिजे. फार्महाऊस आणि रिसॉर्टचालकांनी ही ओळ स्वतःहून लिहावी, कोणी तक्रार करण्याची वाट पाहू नये.

आणि पॅन पेटवणाऱ्याचे काय?

यातल्या बऱ्याच स्वयंपाकघरांत आसपासच्या गावांतली, वाड्यांवरची मुले-मुली काम करतात. बाटली हातात देऊन ‘पेटव’ म्हणणे सोपे असते. ४० टक्क्यांच्या दारूची वाफ २६ अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते. कर्जतच्या उन्हाळ्यात यापेक्षा जास्त तापमान सावलीतही असते. बाटलीतून थेट गरम पॅनमध्ये ओतले तर ज्वाळा धारेवरून बाटलीकडे येऊ शकते. ब्रँडी वाटीत मोजून घ्यायची, बाटली बुच लावून दुसऱ्या खोलीत ठेवायची, ओतताना गॅस बंद आणि एक्झॉस्ट फॅनही बंद, केस बांधलेले, पॅनवर बसेल असे झाकण हाताशी. भडका मोठा झाला तर पाणी नाही, झाकण. आणि फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेल्या गवताशेजारी, झावळ्यांच्या मांडवाखाली हा खेळ पाहुण्याने कितीही आग्रह केला तरी करायचा नाही. सॉस गॅसवर पंधरा मिनिटे आटवून द्यायचा.