बेचाळीस नंबरची तार

मार्च लागला की चंद्रपुरात रिवाइंडिंगच्या दुकानांपुढे कुलरच्या मोटारी येऊन पडायला लागतात. जळलेली कॉइल कापून काढायची, वेढे मोजून वहीत टिपायचे, तार वजनावर घ्यायची, हातमशीनवर नवी कॉइल गुंडाळायची, वार्निश पाजून वाळवायची आणि मोटार गिऱ्हाइकाच्या हवाली करायची. पारा ४५ अंशांवर असतो तोवर या कारागिराला सगळे ‘भाऊ, आजच्या आज द्या’ म्हणून विनवतात. पावसाची पहिली सर पडली की त्याचा विसर पडतो.

याच कामाचे एक नाजूक भावंड म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप. बोटभर लांबीच्या बॉबिनमध्ये सहा चुंबकीय खुंट्या आणि त्यांच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढाच त्याचा पसारा. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते, कॉइलमध्ये इवलासा विद्युतदाब तयार होतो आणि अॅम्प्लिफायर तो मोठा करतो. दहावीच्या विज्ञानात ‘विद्युतधारेचे परिणाम’ या पाठात मुले जे शिकतात, तेच इथे कानांना ऐकू येते.

या वस्तूचा जन्मही घरगुती जुगाडातूनच झाला. १९३१च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज बीचम यांनी पहिल्या चालणाऱ्या पिकअपची कॉइल गुंडाळली ती कपडे धुण्याच्या यंत्राच्या मोटारीवर. पुढे पिकअप बनवण्यात नाव कमावलेल्या सीमोर डंकन यांनी लहानपणी तुटलेला पिकअप पुन्हा भरला तो रेकॉर्ड प्लेअरच्या तबकडीवर. फेंडर कंपनीत १९५६ मध्ये कामाला लागलेल्या अबिगेल इबारा आयुष्यभर कॉइलच गुंडाळत राहिल्या. आज त्यांच्या आद्याक्षरांच्या पिकअपला शौकीन जादा पैसे मोजतात. काम वाइंडिंगचेच, पण तिथे त्या हातांना नाव मिळाले.

महाराष्ट्रालाही हे वाद्यतंत्र परके नाही. मुंबई-कोकणातल्या मिरवणुकांत घुमणारा बेंजो मुळात १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात जन्मलेले ताइशोगोतो. आपल्याकडे त्याचे बुलबुलतरंग झाले आणि तारांजवळ पिकअप बसल्यावर ते ढोलताशाशी टक्कर देऊ लागले. रवी जाधव यांच्या २०१६च्या ‘बँजो’ चित्रपटाचा नायक हेच वाद्य वाजवतो. त्याचा पिकअप बिघडला, तर गिटारच्या मापाचा तयार माल त्यात बसेलच असे नाही. वाद्याच्या मापाने कॉइल भरून देणारा कारागीर तिथे लागतो.

मग चंद्रपूरच्या वाइंडिंगवाल्याला हे जमेल का? जमेल, पण पहिला फटका तारेच्या नंबरवर बसेल. गिटारच्या पुस्तकांत ४२ नंबरची तार सांगितलेली असते. तो नंबर अमेरिकी गेजचा आणि त्या तारेची जाडी ०.०६३ मिलिमीटर. आपल्या दुकानांत चालतो तो ब्रिटिश गेज. त्यात ४२ नंबर म्हणजे ०.१ मिलिमीटर. ही जाड तार घेऊन बसलेल्या पोराचे बॉबिन आठ हजारांऐवजी तीन हजार वेढ्यांतच भरून जाते आणि आवाज दबका येतो. दुकानात मागायची ती ४६ नंबरची. एका साध्या सिंगल कॉइलला ती किलोमीटरहून जास्त लागते, पण तिचे वजन जेमतेम तीस ग्रॅम भरते.

मशीनही घरी उभे राहते. शिलाई मशीनची मोटार वेगाला पुरते आणि पायातले पेडल तो वेग ताब्यात ठेवते. वेढे मोजायला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. फिरत्या चकतीवर एक चुंबक चिकटवायचे, चुंबक जवळ आले की जुळणाऱ्या रीड स्विचच्या दोन तारा ‘=’ बटणाच्या टोकांना जोडायच्या आणि एक अधिक एक दाबून मोटार सुरू करायची. दर फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. खरी कसोटी चिमटीची. तार जास्त ओढली तर सात हजाराव्या वेढ्यावर तटकन तुटते, सैल सोडली तर कॉइल पोकळ राहते आणि मोठ्या आवाजात शिटी मारते. त्यावर इलाज म्हणजे वितळलेले पॅरॅफिन आणि थोडे मधमाशांचे मेण यांत कॉइल बुडवणे. हे मेण गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात शोधायला लांब जावे लागणार नाही. भांडे मात्र थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात ठेवावे, नाहीतर प्लास्टिकचे बॉबिनच वाकडे होते.

मल्टिमीटर लावतानाही चंद्रपूरचे ऊन ध्यानात ठेवावे लागते. २० अंशांला सहा किलोओहम दाखवणारी कॉइल ४५ अंशांच्या दुपारी सहा पूर्णांक सहाच्या आसपास दाखवते. तांब्याचा गुणच तसा. वेढे चुकले म्हणून कॉइल उसवण्याआधी भिंतीवरचा तापमापक बघावा.

यावर कोणी म्हणेल, तयार पिकअप काहीशे रुपयांत घरपोच येतो, मग एवढा खटाटोप कशाला? केवळ पैशांचा हिशेब केला तर आक्षेप रास्त आहे. हाताने भरलेल्या कॉइलचा आवाज आपोआप गोड होतो, हाही भाबडा समज. पण आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा अभ्यास करणारा मुलगा मोटार भरायला शिकतो, तेव्हा ती फिरली की नाही एवढेच त्याला कळते. पिकअपमध्ये वेढे कमी-जास्त झाले, चुंबक बदलले, दोन कॉइल उलटसुलट जोडून ५० हर्ट्झची गुणगुण मारली, तर प्रत्येक फरक त्याच्या कानावर येतो. एवढ्या स्वस्तात एवढे शिकवणारा दुसरा प्रयोग सहज सापडत नाही.

शिवाय इथे वाद्यांना गिऱ्हाईक आहे. दिवाळीनंतर धान घरात आले की वडशाहून झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांत गाणी आजही रंगमंचालगत बसलेले वादक प्रत्यक्ष वाजवतात. मध्यरात्री एखाद्या आडगावात वाद्याचा आवाज गेला, तर नागपूरचे दुकान उपयोगाचे नसते. वडशात किंवा ब्रह्मपुरीत बारीक तार हाताळणारी चार पोरे तयार झाली, तर अर्धा हंगाम तरी त्यांना काम मिळेल.

त्यासाठी नवी योजना, नवी इमारत काही नको. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आयटीआयने पावसाळ्यात आठवड्यातली एक दुपार राखून ठेवावी आणि गावातल्या वाइंडिंगवाल्याला मानधन देऊन शिकवायला बोलवावे. कुलरचा हंगाम तेव्हा ओसरलेला असतो आणि त्याचे हातमशीन कोपऱ्यात पडून असते. एका मुलामागे लागेल तीस-चाळीस ग्रॅम तार, चुंबकीय खुंट्यांऐवजी सहा लोखंडी स्क्रू आणि फेराइट चुंबकाची एक पट्टी, शिवाय मेणाचा तुकडा.