हंगाम पाहून गळ, पाणी पाहून आमिष



नांगरट आणि कुळवाच्या पाळ्या झाल्या, बियाण्याची जमवाजमव सुरू आहे आणि मृग तोंडावर आला आहे. या दिवसांत कृष्णा, कोयना, वारणा आणि येरळेच्या काठच्या गावांत दोनच विषय निघतात : पाऊस कधी आणि मासे कधी चढणार? शेततळी झाल्यापासून माण-खटाव, जत-आटपाडीकडेही सुट्टीत पोरे गळ घेऊन बसलेली दिसतात. म्हणून या वेळी पिकाची गोष्ट बाजूला ठेवून गळाची सांगतो. ज्यांच्या घरी माळ आहे, त्यांनी आमिषाचा भाग सोडून दिला तरी चालेल. शेवटचा भाग मात्र वाचावा, कारण पाणी सर्वांचे आहे.

आधी पाणी ओळखा

माशाचे अंग पाण्याइतकेच गार किंवा गरम असते. पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते आणि तो खाणे कमी करतो. पाणी फार तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासा सुस्त होतो. आपल्याकडचे मासे साधारण २५ ते ३० अंश सेल्सियस तापमानात चांगले खातात. हे एवढे ध्यानात घेतले, तर 'काल लागत होता, आज का लागत नाही?' याचे उत्तर बहुतेक वेळा सापडते.

दुसरी गोष्ट, कोणता मासा कोणत्या थरात चरतो. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळ तळाशी चरतो. शिंगाळा आणि वाम हेही तळाचेच, आणि दोघे रात्री जास्त हालचाल करतात. मरळ काठाच्या गवतात, पाणवनस्पतीत दबा धरून बसते. ती अधूनमधून हवा घ्यायला वर येते, त्यामुळे तिची जागा कळते. चिलापी उथळ पाण्यात थव्याने असते. तरंगा वर-खाली सरकवून आमिष योग्य खोलीवर धरणे, ही निम्मी विद्या आहे.

सामान थोडके पुरते. दहा-बारा फुटांची सरळ वेळूची काठी, तंगूस, लहान गळ, शिशाचा मणी आणि तरंग्यासाठी बुचाचा तुकडा. बूच नसेल, तर ज्वारीच्या वाळल्या धाटाचा गाभाही चालतो. तुटलेले तंगूस काठावर टाकू नका. त्यात पाखरांचे पाय अडकतात आणि जनावराच्या पोटातही ते जाते.

कोणत्या महिन्यात काय

भाद्रपद ते कार्तिक हा गळाचा खरा हंगाम. पूर ओसरतो, पाणी निवळू लागते, अंडी घालून मोकळे झालेले मासे भुकेले असतात आणि ऊन बेताचे असते. पाणी गढूळ असेपर्यंत माशाला दिसत कमी, वासावर तो जास्त चालतो. तेव्हा शेणखताच्या उकिरड्याखालची गांडुळे हे सर्वांत भरवशाचे आमिष. पाणी निवळले की कणीक आणि भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ मळून त्याची हरभऱ्याएवढी गोळी करा. शेंगदाण्याची पेंड भिजवून त्यात मिसळली, तर वास दूर जातो. रोहू-मृगळासाठी हे उत्तम. गळ टाकण्याआधी अर्धा तास मूठभर पेंड त्याच जागी पाण्यात टाकली की मासे गोळा होतात. मूठभर म्हणजे मूठभरच, कारण पोट भरलेला मासा गळाकडे पाहत नाही.

मार्गशीर्ष ते माघ हा थंडीचा काळ. पहाटे धुक्यात कुडकुडत बसणाऱ्याची मला कीव येते. त्या वेळी मासा डोहाच्या तळाशी स्वस्थ असतो. ऊन वर आल्यावर, अकरा ते तीन या वेळात, उन्हाच्या बाजूला बसा. आमिष लहान करा, गळ लहान वापरा आणि तरंगा नुसता थरथरला तरी लक्ष द्या, कारण थंडीत मासा ओढत नाही, चाखतो.

फाल्गुन ते वैशाख पाणी खाली जाते आणि मासे डोहात कोंडतात. नदीवर उजाडता आणि दिवस मावळता बसावे. शेततळ्याचे मात्र वेगळे आहे. पाणी गडद हिरवे झाले असेल, तर त्यातले शेवाळ रात्रभर प्राणवायू वापरते आणि पहाटे तो सर्वांत कमी उरतो. तेव्हा मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसतील. ती भूक नव्हे, गुदमरणे आहे. अशा वेळी आमिष किंवा खाद्य न टाकता नवे पाणी सोडावे, किंवा मोटारीने तळ्यातलेच पाणी फवाऱ्यासारखे वरून पाडावे. मरळीसाठी हे दिवस चांगले. नाकतोडा किंवा झिंगा गळाला लावून गवताच्या कडेने वरच्या वर हलता ठेवा. मरळ हालचालीवर झडप घालते. वाम हवी असेल, तर खडकाच्या कपारीपाशी रात्री गांडूळ सोडा. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा विसरू नका. गळ काढताना मासा ओल्या फडक्यात धरा.

चिलापी खुशाल काढा

ही मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणली गेली. ती दोन-तीन महिन्यांतच वयात येते आणि अंडी-पिले तोंडात धरून वाढवते, त्यामुळे त्यांची नासाडी कमी होते. परिणाम असा की शेततळे बोटभर चिलापींनी भरून जाते, खाद्य पुरत नाही आणि मोठी कोणीच होत नाही. तेव्हा चिलापीला बाराही महिने सुट्टी देऊ नका. गांडुळाचा तुकडा, कणकेची गोळी, शिळ्या भाकरीचा चुरा, तिला काहीही चालते. घरच्या पोरांना गळ शिकवायला हाच मासा चांगला, आणि कालवणालाही तो घरात कामी येतो. बारीक मासे काट्यासकट कुरकुरीत तळले, तर वाढत्या पोरांना आणि बाळंतिणीला चुना म्हणजे कॅल्शियमही मिळते.

मृगात गळ खुंटीला

आता मूळ मुद्दा. रोहू, कटला आणि मृगळ हे साचलेल्या तळ्यात आपण होऊन अंडी घालत नाहीत. त्यांना वाहते, चढते, पावसाचे नवे पाणी लागते. पूर्वी या माशांचे बी नदीतूनच धरून आणावे लागे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात अंगुल येथे मस्तिष्कग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन ही अंडी मिळवण्यात यश मिळवले, तेव्हा कुठे मत्स्यबीज केंद्रांचा मार्ग मोकळा झाला. पण नदीला टोचणी देता येत नाही. तिथे जे बी पडायचे, ते मृग-आर्द्राच्या चढणीतच पडते.

आणि नेमके त्याच दिवसांत आपण ओढ्याच्या तोंडाशी जाळी, काठ्या, पाट्या घेऊन उभे राहतो! चढणीचा मासा पोट भरून अंडी घेऊन आलेला असतो, त्याला पळता येत नाही. एक किलो वजनाच्या मादीच्या पोटात लाखाच्या घरात अंडी असतात. त्यांतली फार थोडी जगतात हे खरे, पण जी जगतात तीच कार्तिकात तुमच्या गळाला लागतात. बियाण्याची ज्वारी दळून खाणाऱ्याला आपण काय म्हणतो?

मरळीचे तर आणखी जपावे. तांबूस पिलांचा पुंजका पाण्यावर वळवळताना दिसला, तर खाली आई-बाप राखणीला असतात. जवळ येईल त्याच्यावर ते धावतात, म्हणून त्या वेळी ते गळाला चटकन लागतात. त्यांना काढले की पिले दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. एक मासा मिळवून शेकडो घालवण्याचा हा व्यवहार आहे.

म्हणून माझे सांगणे असे. मृगाचा पाऊस पडल्यापासून श्रावण संपेपर्यंत नदी-ओढ्यावरचा गळ खुंटीला टांगा. पेरणी, कोळपणी, भांगलणीचे हे दिवस, तशीही सवड कुठे असते? ग्रामसभेत हा ठराव करून पाहा. धरण-तलावांत तर मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तिथे तिची परवानगी बाराही महिने लागते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वनखात्याचे नियम आहेत, तिथे गळ नेऊच नका.

सर्वांसाठी

सुरुंगाची दारू, ब्लीचिंग पावडर आणि पिकावरचे औषध टाकून मासे मारण्याचा प्रकार अजून चालतो. स्फोटके आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. पण कायद्यापेक्षा साधी गोष्ट सांगतो. तेच पाणी खालच्या गावची जनावरे पितात, विहिरीत पाझरते आणि तो मासा कोणाच्या तरी ताटात जातो. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मासे मोठ्या संख्येने मरून तरंगले होते. दूषित पाण्याविरुद्ध गावांनी आवाज उठवावाच, पण तो उठवणाऱ्याच्या हातात औषधाची बाटली असून चालणार नाही. फवारणीचा पंपही ओढ्यात धुऊ नका.

जिवाची काळजी घ्या. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. पाण्यात पाय सोडून बसू नये, मासे साफ केलेली घाण घाटावर टाकू नये, अंधार पडल्यावर काठावर थांबू नये. उन्हाळ्यात मगरीची मादी काठाच्या वाळूत-मातीत अंडी राखते आणि चवताळलेली असते. १९७२ च्या कायद्याने मगरीला संरक्षण आहे, तेव्हा ती दिसली तर वनखात्याला कळवा, दगड मारू नका. धरणातून पाणी सोडण्याचा भोंगा किंवा दवंडी ऐकली की ताबडतोब पात्रातून वर या.

प्लॅस्टिकच्या शेततळ्यात तर एकट्या पोराला गळ घेऊन कधीच पाठवू नका. कडा निसरडी असते, पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. चारही कडांना गाठी मारलेला दोर सोडून ठेवा आणि हवा भरलेली जुनी ट्यूब काठावर बांधून ठेवा. हे काम पाऊस पडण्याआधी, याच आठवड्यात उरका.