दुसऱ्या टोकाचा गडी

सर्वश्रेष्ठ कोण, या वादाला हल्ली काळवेळ उरलेला नाही. सकाळची पुण्याची गाडी केडगाव स्टेशनातून सुटली की डब्यातली कॉलेजची मुले मोबाइल काढतात आणि बाहेर उसाचे फड मागे पडत असताना बास्केटबॉलच्या मायकेल जॉर्डनला लेब्रॉन जेम्सशी भिडवतात. जॉर्डनची अजिंक्यपदे सहा, लेब्रॉनची चार, झाला निकाल! शेजारच्या बाकावर हेच सचिन आणि विराट यांच्याबाबत चाललेले असते. मला या वादाचे वावडे नाही. फक्त एक प्रश्न त्यात कोणी विचारत नाही, तो म्हणजे या थोरांच्या शेजारी कोण उभे होते?

जॉर्डनचेच पाहा. एप्रिल १९८६ मध्ये बोस्टनविरुद्धच्या एका सामन्यात त्याने एकट्याने ६३ गुण केले. तरीही त्याचा शिकागो बुल्स संघ तो सामना हरला आणि पुढचा हरून स्पर्धेबाहेर गेला. १९८७ मध्ये स्कॉटी पिपेन संघात आला, हळूहळू बाकीची जुळवाजुळव झाली आणि १९९१ पासून अजिंक्यपदे येऊ लागली. जॉर्डनने पहिली निवृत्ती घेतल्यावर १९९३-९४ च्या हंगामात बुल्सने त्याच्याविना ५५ सामने जिंकले. आदल्या हंगामात त्याच्यासह जिंकले होते ५७. अर्थात, त्या वर्षी अजिंक्यपद मात्र आले नाही. साथीदारांवाचून जॉर्डनचे अडले आणि जॉर्डनवाचून साथीदारांचे. ज्या सहा अजिंक्यपदांवर डब्यातला निकाल लागतो, ती एकट्याची नव्हेत.

यासाठी अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. १९४३ साली मुंबईतल्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम लढतीत सांगलीच्या विजय हजारे यांनी ‘द रेस्ट’ संघाकडून हिंदू संघाविरुद्ध ३०९ धावा केल्या. संघाची धावसंख्या होती ३८७! त्या डावात त्यांनी आपले बंधू विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागी केली आणि तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा होता. संघ डावाने हरला, पण ते त्रिशतक क्रिकेटच्या इतिहासात राहिले. विवेक यांचे २१ कोणाच्या लक्षात आहेत? ते दुसऱ्या टोकाला टिकले नसते, तर विजय हजाऱ्यांचे ३०९ झाले असते का?

साथीदारामुळे खेळाडू मोठा होतो, तसा साथीदारामुळे झाकलाही जातो. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. त्यांच्यानंतर फलंदाजीला जायचा होता अमोल मुझुमदार. तो पॅड बांधून बसला तो बसलाच. पुढे त्याने रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या, प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ३० शतकांसह ११,१६७ धावा जमवल्या आणि २००६-०७ मध्ये कर्णधार म्हणून मुंबईला रणजी करंडक मिळवून दिला. पण भारताकडून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. मधल्या फळीत सचिन होताच. १९९६ मध्ये गांगुली, द्रविड आणि लक्ष्मणही आले. दहा वर्षे आधी किंवा नंतर जन्मता, तर कदाचित आज डब्यातल्या वादात त्याचेही नाव निघाले असते.

मात्र सगळे खापर किंवा सगळे श्रेय सोबतीवर टाकता येणार नाही. त्या डावात कांबळीच्या धावा ३४९ होत्या आणि सचिनच्या ३२६. कांबळीची कसोटीतली सरासरी ५४ च्या वर आहे, तरीही त्याच्या वाट्याला १७ च कसोटी आल्या. सचिन २०० खेळला. मैदान एक, गुरू एक, भागीदारीही एकच, पण वाटा निराळ्या. सोबत दार उघडून देते. आत टिकणे ज्याचे त्याला पाहावे लागते. तरीही कांबळीला आपण कधी नुसता कांबळी म्हणून मोजले का? कायम सचिनच्या शेजारी उभा करूनच मोजले.

आमच्या भागातल्या कबड्डीने हा हिशेब फार पूर्वीच सोडवला आहे. चढाईला गेलेला गडी कितीही बहाद्दर असो, एकदा बाद झाला की बाहेर बसतो. तो पुन्हा जिवंत होतो, तो कोपऱ्यावरच्या कोणीतरी पकड केली किंवा दुसऱ्याने गुण आणला तरच. त्याची पुढची चढाई ही दुसऱ्याने मिळवून दिलेली असते, आणि हे खेळाच्या नियमातच लिहून ठेवले आहे.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा हाच नियम साऱ्या देशाला दिसला. साखळीत न्यूझीलंडविरुद्ध १२२ धावा करणारी प्रतीका रावल जखमी झाली आणि तिच्या जागी आलेली शफाली वर्मा अंतिम सामन्यात ८७ धावा आणि दोन बळी घेऊन सामन्याची मानकरी ठरली. प्रतीका त्या जल्लोषात चाकांच्या खुर्चीत बसून सामील झाली. पदके पंधरा जणींनाच देण्याचा नियम, म्हणून त्या रात्री तिला पदक मिळाले नाही. आणि या संघाचा प्रशिक्षक कोण होता? तोच पॅड बांधून बसलेला अमोल मुझुमदार.

म्हणून वाटते, सर्वश्रेष्ठ कोण हा वाद गाडीच्या डब्यात खुशाल चालू द्यावा. पण घरात आणि शाळेत तो आणू नये. मुलगा किंवा मुलगी सामना खेळून घरी आली की आपला पहिला प्रश्न असतो, ‘तू किती केलेस?’ अकादमीची फी भरणाऱ्या आईबापांचा तर हमखास. हा प्रश्न वर्षानुवर्षे ऐकणारे पोर एक दिवस चेंडू पुढे द्यायचे सोडते, दुसऱ्याची धाव नाकारते आणि मित्र बाद झाला की मनातून सुखावते. निवड समितीपुढे जायच्या आधीच ते एकटे पडलेले असते. त्याऐवजी आणखी एक प्रश्न विचारून पाहू या: ‘आज तुझ्यामुळे कोण चांगले खेळले?’ दहातल्या नऊ मुलांना विजय हजारे होता येणार नाही. पण गरज पडेल तेव्हा विवेक हजारे होणे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे, आणि त्यात कमीपणा नाही, हे त्यांना आपणच सांगायला हवे.