आधी भिंत, मग रंग

दसरा-दिवाळी जवळ आली की घर रंगवण्याचे बेत सुरू होतात. आतल्या खोल्यांबाबत फारशी चिंता नसते. रंग मनासारखा नाही आला, तर चार वर्षांनी बदलता येतो. बाहेरच्या भिंतींचे तसे नाही. परांची बांधा, गिलावा दुरुस्त करा, दोन-तीन आठवडे धूळ सोसा. एवढा खटाटोप आणि खर्च सामान्य कुटुंब आठ-दहा वर्षांतून एकदाच करू शकते. त्यातून घर १९५० ते १९७० च्या दरम्यान आजोबांनी किंवा सासऱ्यांनी फंडातले पैसे काढून बांधलेले असेल, तर 'कोणता रंग शोभेल' एवढाच प्रश्न राहत नाही. ती भिंत कोणता रंग पेलेल, हे आधी पाहावे लागते.

अशी घरे पुण्या-नागपुरात आहेत, तशी इंदूर, बडोदा, हैदराबादच्या जुन्या वसाहतींतही आहेत. सपाट गच्ची, लांब आडवे छज्जे, खिडकीभोवती उठावाची चौकट, जिन्याला सिमेंटची जाळी, खाली दगडी जोते. साधी, पण प्रमाणबद्ध. नूतनीकरणाच्या उत्साहात नेमके हेच झाकले जाते आणि घर ना जुने राहते, ना नवे दिसते.

भिंत कशाची आहे?

रंगाचे पुस्तक उघडण्यापूर्वी एक खिळा घ्या आणि भिंतीच्या कोपऱ्यात थोडे खरवडून पाहा. पांढरट, मऊ भुगा सहज पडला तर गिलावा चुन्याचा असण्याची शक्यता आहे. करडा, टणक थर लागला तर सिमेंटचा. चुन्याची भिंत श्वास घेते. पावसाळ्यात ओलावा शोषते आणि उन्हाळ्यात तो बाहेर टाकते. तिच्यावर प्लॅस्टिकसारखा जाड, बंद थर बसवला की ओलावा आत कोंडतो. मग रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात. अशा भिंतीला चुन्याची सफेदी किंवा वाफ बाहेर जाऊ देणारा रंगच मानवतो.

आता भिंतीवरून तळहात फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर जुन्या सफेदीचा किंवा सिमेंट रंगाचा थर सुटू लागला आहे. त्याच्यावर महागातला महाग इमल्शन लावले तरी ते त्या भुकटीसकट निघून येते. तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, वाळवून, मगच प्रायमरचा हात द्यावा.

ओल झाकू नका, शोधा

जिथे शंका येते तिथे फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले, तर भिंतीत ओल आहे. ती गच्चीतून, फुटलेल्या पन्हळीतून, न्हाणीघराच्या नळातून की जमिनीतून येते, हे शोधून आधी बंद करा. शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा. हातात रबरी मोजे घाला आणि नंतर भिंत साध्या पाण्याने स्वच्छ करा.

छज्जे आणि गॅलरीच्या खालच्या बाजूकडे तर नीट पाहाच. तिथे लांब भेगा, तांबूस डाग किंवा सुटलेले सिमेंट दिसले, तर आतली सळई गंजली आहे. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. त्यावर पुट्टी फिरवून रंग दिला की दोष दिसेनासा होतो, धोका मात्र तसाच राहतो. अशा छज्ज्यावर रंगाऱ्याला उभे राहू देऊ नका. आधी इंजिनियरला दाखवा. रंगासाठी ठेवलेले पैसे दुरुस्तीत गेले, तरी हळहळू नये.

फरशी आणि फळ्यांचा मोह

समोरच्या भिंतीला दगडी फरशी, लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या फळ्या किंवा चकचकीत पत्रे लावण्याची सध्या हौस आहे. दिसायला छान वाटते, पण हिशोब करून पाहा. २० मिलिमीटर जाडीच्या दगडी फरशीचे वजन एका चौरस फुटाला जवळजवळ ५ किलो भरते. म्हणजे २०० चौरस फूट भिंतीवर एक टन! तो पेलायचा कुणी? साठ वर्षांच्या गिलाव्याने? बोटाच्या पेराने गिलावा वाजवून पाहा. पोकळ आवाज आला, तर तो विटेपासून सुटलेला आहे. डोक्याच्या उंचीवर दगड बसवायचाच असेल, तर केवळ सिमेंटवर विसंबू नका, धातूच्या पकडी घालून घ्या. शिवाय अशा आवरणामागे ओल शिरली, तर ती दिसतही नाही. जोत्याभोवती किंवा प्रवेशद्वाराच्या एका भिंतीपुरता दगड पुरे.

जुन्या घराला बहुधा मूळचाच एखादा पोत असतो. काळ्या दगडाचे जोते, कोकणात जांभ्याच्या चिऱ्याची भिंत, बारीक खडी उघडी ठेवलेला गिलावा. तो आज करून घ्यायचा म्हटले तर कुशल कारागीर मिळणे कठीण. त्यावर रंग फासू नका. नुसता स्वच्छ धुऊन घ्या.

घरातच आहे रंगांचे पुस्तक

घरात रंगावरून चर्चा रंगते. मुलाला गडद करडा हवा असतो, सुनेला पांढरा, सासूबाईंना पिवळा. अशा वेळी जे बदलणार नाही त्याकडे पाहावे. जोत्याचा दगड, व्हरांड्याची लाल किंवा हिरवी कोबा फरशी, कौले, समोरचा आंबा किंवा गुलमोहर. भिंतीचा रंग यांच्याशी जुळला की वाद निम्मा मिटतो. काळ्या दगडावर मळकट पांढरा किंवा फिकट बदामी शोभतो. लाल कौलांखाली फिकट पिवळा किंवा चुनखडीसारखा पांढरा खुलतो.

उन्हाचाही विचार करा. शुभ्र रंग प्रकाशाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परतवतो. गडद करडा जेमतेम दहा ते वीस टक्के. नागपूरच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला गडद रंग दिला, तर आतल्या खोलीला त्याची झळ बसते. गेरू, पिवळी माती यांसारखे खनिज रंग उन्हात टिकतात. भडक लाल, जांभळे, लिंबोणी रंग लवकर विटतात.

म्हणून धीट रंग लहान जागी वापरावा. चंदीगडच्या उच्च न्यायालयाची इमारत ल कॉर्ब्युझिए यांनी १९५० च्या दशकात उभारली. तिचा बहुतेक भाग उघड्या काँक्रीटचा करडा आहे, पण प्रवेशाचे भव्य खांब हिरवे, पिवळे आणि लाल आहेत. नजर तिथेच जाते. आपल्या घरी हे काम दार, ग्रिल किंवा जिन्याची जाळी करू शकते. भिंतीला एक रंग, छज्जे व खिडक्यांच्या चौकटींना त्याहून फिकट किंवा गडद छटा आणि दाराला एक ठसठशीत रंग, तीन पुरेत. छज्ज्यांच्या आडव्या रेषांवर उभे पट्टे मारू नयेत, घराचा बांधाच मोडतो. जोत्याजवळ पावसाचा चिखल उडतो, तिथे दगड नसेल तर फूट-दीड फुटाचा गडद पट्टा घ्यावा.

छापील कागदावरची छटा मोठ्या भिंतीवर उन्हात अधिक उजळ आणि भडक दिसते. त्यासाठी दोन निरनिराळ्या दिशांच्या भिंतींवर तीन फुटांचे चौकोन रंगवून घ्या आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ असे चार दिवस पाहा.

काम देताना

* पावसाळा संपून भिंती वाळल्यावर काम काढावे. तमिळनाडूत मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस असतो, तिथे जानेवारीनंतर. उत्तरेकडे कडाक्याची थंडी व धुके टाळावे.
* बाहेरच्या इमल्शनचा एक लिटर, दोन हातांत साधारण ५० ते ६० चौरस फूट भरतो. २,००० चौरस फुटांना ३५ ते ४० लिटर लागेल. सगळे डबे एकाच बॅचचे, सीलबंद घ्यावेत.
* खरवडणे, भेगा भरणे, प्रायमर, हातांची संख्या व परांची, सारे लिहून घ्यावे. रंगात जास्तीचे पाणी पडू देऊ नये.
* जुन्या दारे-खिडक्या व ग्रिलच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीचे थर कोरडे घासू नयेत. पाणी लावून घासावे, मुलांना व गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे.
* रंगाचा क्रमांक कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा. पुढे डाग पडला तर उपयोगी पडतो.

रंग लावायला चार दिवस लागतात, भिंत तयार करायला दहा. हे दहा दिवस वाचवायचा सल्ला कुणी दिला, तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा.