दया कोणाची, भुर्दंड कोणाला?

ताम्हिणी घाटात मोटार थांबवून माकडांपुढे बिस्किटे टाकणारा प्रवासी पुण्य गाठीशी बांधून निघून जातो. सोकावलेले माकड मात्र गावच्या कौलांवर उतरते. फुटलेल्या कौलांचा भुर्दंड कोणी सोसावयाचा? भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी ती दत्तक घ्यावीत, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. घास घातल्याने मालकी येत नाही, हे मान्य. पण म्हणून जबाबदारीही संपते काय? २०१३ मध्ये अभयारण्य ठरलेल्या ताम्हिणीत खाऊ घालणाऱ्यांकडून जागीच दंड घ्यावा आणि तो घरे शाकारण्यासाठी गावकऱ्यांना द्यावा. भूतदया स्वतःच्या खिशातून करावी. दुसऱ्याच्या छपरावर नव्हे.