विमान रद्द झाले, पैसा कोणाच्या खिशात?

"वकीलसाहेब, आमच्या लोकांना एस.टी.ची वेळेवर फेरी मिळत नाही आणि तुम्ही विमानावर लेख लिहिणार?" चळवळीतील एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आम्हास परवा हा प्रश्न विचारला. प्रश्न रास्त आहे. चैत्यभूमीवर येणारा आमचा माणूस आजही रेल्वेनेच येतो, तोही बहुधा आरक्षणाशिवाय. पण म्हणून विमानाच्या तिकिटात आमच्या लोकांचा पैसा अडकत नाही, असे समजण्याचे कारण नाही. शिष्यवृत्तीवर विलायतेला निघालेली मुले, आखातात नोकरीला असलेली माणसे, वडील वारल्याचा निरोप आल्यावर हैदराबादहून रात्रीतून निघणारा आयटीतला पोरगा, ही सगळी आता विमानाने जातात. ज्याच्याकडे पैसा मुबलक आहे त्याचे विमान रद्द झाले तर तो दुसरे तिकीट काढून मोकळा होतो. ज्याने वर्षभर साठवून तिकीट काढले, त्याचा मात्र प्रवासही जातो आणि पैसाही जातो. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीतील विहाराच्या अकरा महिलांची हकीकत सांगतो. २०२० च्या बुद्ध पौर्णिमेला बोधगयेला जायचे त्यांनी ठरविले होते. पौर्णिमा ७ मे रोजी होती. नागपूरहून कोलकात्यापर्यंत विमान आणि पुढे गयेपर्यंत रेल्वे, असा बेत. अकरापैकी नऊ जणी आयुष्यात प्रथमच विमानात बसणार होत्या. बचत गटातून पैसा उभा केला, जानेवारीत चौकातल्या ट्रॅव्हल एजंटकडे रोख भरला. माणशी ४,२०० रुपये, एकूण ४६,२०० रुपये. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. २५ मार्चला टाळेबंदी लागली, देशातील विमाने बंद झाली ती थेट २५ मेपर्यंत.

मावश्या एजंटकडे गेल्या. एजंट म्हणाला, कंपनीने पैसा दिला नाही, 'क्रेडिट शेल' दिला आहे. क्रेडिट शेल म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे? आम्ही सांगितले की, तुमचा पैसा कंपनीने स्वतःच्या वहीत तुमच्या नावे लिहून ठेवला आहे, वर्षभरात तिच्याच विमानाने गेलात तर वळता होईल. तेव्हा त्यातील सर्वात वयस्कर आजी म्हणाल्या, "म्हणजे किराणावाल्याने उरलेल्या पैशाची गोळी हातावर ठेवावी, तसंच ना?" कायद्याची पदवी घेऊनही आम्हाला याहून नेमकी व्याख्या करता आली नसती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, परताव्याबाबतचे नियम टाळेबंदीच्या कितीतरी आधीपासून अस्तित्वात आहेत. पैसा परत घ्यायचा की क्रेडिट शेल, ही निवड प्रवाशाची आहे. कंपनीने आपल्या मर्जीने क्रेडिट शेल गळ्यात मारू नये, असे त्यात स्पष्ट आहे. क्रेडिट कार्डाने भरलेला पैसा सात दिवसांत परत गेला पाहिजे. एजंटमार्फत तिकीट काढले असेल तर एजंट हा कंपनीचाच नेमलेला प्रतिनिधी आहे, म्हणून परताव्याची जबाबदारी कंपनीवर राहते. "एजंटला विचारा" हे कंपनीचे उत्तर नियमात बसत नाही. एवढेच नव्हे तर प्रवाशाने स्वतःहून तिकीट रद्द केले आणि ते 'विनापरतावा' प्रकारचे असले, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के परत करावीच लागतात. हे किती जणांना माहीत आहे?

टाळेबंदीतील तिकिटांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रवासी लीगल सेल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात न्या. अशोक भूषण यांच्या खंडपीठाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला. टाळेबंदीपूर्वी काढलेल्या आणि २४ मे २०२० पर्यंतच्या प्रवासाच्या तिकिटांचा पैसा कंपन्यांनी पंधरा दिवसांत द्यावा. कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर क्रेडिट शेल द्यावा, तो दुसऱ्याच्या नावे करता यावा, आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरला गेला नाही तर पैसा परत करावा. क्रेडिट शेलची किंमत ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि त्यानंतर पाऊण टक्का वाढत राहील, असेही त्यात होते. आमचे मत विचाराल तर ही सवलत कंपन्यांना मोठीच होती. बुडत्या कंपनीला बिनतारण कर्ज कोणी दिले? बँकेने नाही, सरकारने नाही. बचत गटातल्या बायांनी दिले. पण निकाल निकाल असतो, आणि त्यातून जे हातात येते ते पूर्ण घ्यायचे असते.

आम्ही कंपनीला पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठविली. उत्तर आले की क्रेडिट शेल दिलेला आहे. ३१ मार्च २०२१ उलटला. पुन्हा पत्र, उत्तर नाही. दुसरी लाट आली आणि त्या आजी एप्रिलमध्ये गेल्या. ऑगस्टमध्ये आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात अकरा तक्रारी दाखल केल्या. आजींची त्यांच्या मुलाच्या नावे, वारस म्हणून. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा येथे कामी आला. या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय दिल्लीत की गुरगावात, याच्याशी आपल्याला देणेघेणे नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी शून्य आहे. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि बहुतेक लोक याच ठिकाणी हरतात, कारण "येईल, येईल" म्हणत ते अडीच वर्षांनी आमच्याकडे येतात.

तिसऱ्या तारखेला कंपनीचे वकील तडजोडीला तयार झाले. त्यांच्या हिशेबात फक्त तिकिटाची रक्कम होती. पाऊण टक्क्याची वाढ त्यांनी धरलीच नव्हती; आम्ही ती मांडली. एप्रिलच्या मध्यापासून मोजले तर ती सुमारे आठ टक्के होते, म्हणजे माणशी ३३६ रुपये. त्यांच्या तरुण वकिलाला हसू आले. तीनशे छत्तीस रुपयांसाठी एवढा वाद? होय, तेवढ्यासाठीच! त्या दिवसांत धुण्याभांड्याची कामे सुटलेल्या घरात तेवढ्यात आठवड्याचा भाजीपाला येत होता. २०२२ च्या जानेवारीत पैसा आला. आजींचा वाटा त्यांच्या मुलाने विहाराच्या ग्रंथालयाला दिला.

यानंतर कोणी म्हणेल, ते महामारीचे दिवस होते, अपवाद होता. मग डिसेंबर २०२५ घ्या. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू होणार, हे सर्व कंपन्यांना आधीपासून माहीत होते. तरी देशातील सर्वात मोठ्या कंपनीची, इंडिगोची, घडी विस्कटली आणि ५ डिसेंबर या एकाच दिवशी तिची हजारावर उड्डाणे रद्द झाली. महापरिनिर्वाण दिनाचा तो आदला दिवस. आमच्या ओळखीचे काही नोकरदार दिल्लीहून मुंबईला यायला निघाले होते. विमानतळाच्या फरशीवर चादर अंथरून त्यांनी ६ तारीख काढली. इतर कंपन्यांनी दर आभाळाला भिडविले तेव्हा सरकारला ६ डिसेंबरला भाड्यावर मर्यादा घालावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, हजारापर्यंत १२,०००, दीड हजारापर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००.

या प्रकरणातील आम्हाला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. सरकारने आदेश दिला की ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत परतावे पूर्ण करा. आणि त्याच दिवशी सरकारने सांगितले की कंपनीने ६१० कोटी रुपये परत केले आहेत. सहाशे दहा कोटी, मोजक्या दिवसांत! मग वर्षानुवर्षे आम्हाला "सिस्टीममध्ये प्रोसेस चालू आहे" हे जे उत्तर मिळत होते ते काय होते? यंत्रणा सक्षम आहे, संगणक सक्षम आहे. दट्ट्या असला की पैसा दोन दिवसांत निघतो, नसला की दोन वर्षे निघत नाही. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे विमानतळावर होते म्हणून तो दट्ट्या आला. एका उड्डाणात अकरा बायांचे पैसे अडकतात तेव्हा कॅमेरा नसतो.

येथे परतावा आणि भरपाई यांतील फरक समजून घेणे आवश्यक आहे, कारण कंपनीचे कर्मचारी नेमका येथेच गोंधळ घालतात. कंपनीने उड्डाण रद्द केले तर तिकिटाचा पूर्ण पैसा किंवा पर्यायी उड्डाण, हा परताव्याचा हक्क. तो धुके असो, वादळ असो, संप असो, कायम राहतो. भरपाई ही त्यावरची रक्कम. नियमाप्रमाणे वेळेत कळविले नाही तर उड्डाण एक तासापर्यंतचे असल्यास ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्यापुढे १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. असाधारण परिस्थितीत भरपाई टळते, परतावा टळत नाही. "हवामान खराब होते, काही मिळणार नाही" हे वाक्य काउंटरवर ऐकले की समजावे, समोरचा माणूस एका हक्काच्या नावाखाली दुसराही गिळतो आहे.

आणखी एक फसगत आम्ही वारंवार पाहतो. एजंट तिकिटावर प्रवाशाचा मोबाईल न टाकता स्वतःचा टाकतो. रद्द झाल्याचा निरोप त्याला जातो. तो दुकान बंद करून गावाला गेलेला असतो. प्रवासी विमानतळावर पोहोचतो तेव्हा कंपनी म्हणते, आम्ही कळविले होते. प्रवाशाने संपर्क क्रमांक दिलेला नसेल तर भरपाई मागता येत नाही, हेही नियमातच आहे. तेव्हा तिकीट हातात पडताच त्यावर क्रमांक कोणाचा आहे ते पाहावे, आणि रोख भरला असेल तर एजंटकडून पावती घ्यावी. आमच्या अकरा जणींपैकी फक्त दोघींकडे ती होती. दुसरे, कंपनीने उड्डाण रद्द केले असताना आपण घाईने ॲपवर 'रद्द करा' दाबू नये. रद्द त्यांनी केले. आपण दाबले की ते आपल्या नावे चढते आणि आकार कापला जातो. कंपनीच्या संदेशाचे छायाचित्र ठेवावे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, मग एअरसेवावर, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर, आणि तरी नाही झाले तर आयोगात. ज्या जिल्ह्यात स्थायी लोक अदालत आहे तेथे तोही मार्ग आहे, कारण विमान प्रवासी वाहतूक ही कायद्याने सार्वजनिक उपयोगिता सेवा आहे. तिकिटावर "फक्त दिल्लीच्या न्यायालयात" असे छापलेले असले तरी स्थायी लोक अदालतीचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये इंडिगोच्याच एका प्रकरणात सांगितले आहे. त्या प्रकरणात प्रवाशाची भरपाई मात्र टिकली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पण हे सगळे कंपनी जिवंत असेपर्यंत. कंपनी बुडाली तर? जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला तो ७ नोव्हेंबर २०२४ ला. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, दुसऱ्या दिवसापासून उड्डाणे बंद केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तीही अवसायनात गेली. अशा वेळी दिवाळखोरी संहितेप्रमाणे आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची देणी आणि तारण असलेल्या बँका, आणि प्रवासी रांगेच्या शेपटाला. कामगार पुढे असावेत, याबद्दल आमची तक्रार नाही. पण प्रवाशाने काही उधारी दिली नव्हती. त्याने न मिळालेल्या सेवेचा पैसा आगाऊ भरला होता. तो कंपनीच्या मालकीचा झालाच कधी? विमान उडेपर्यंत तिकिटाचा पैसा वेगळ्या विश्वस्त खात्यात राहावा, ही आमची मागणी आहे. घरबांधणीत रेराने बिल्डरला ग्राहकांच्या पैशापैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले, मग विमान कंपन्यांना ते का नको? १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, ती संधी होती. ती गेली. नियम करण्याचा अधिकार मात्र सरकारकडे अजून आहे, आणि आमच्या आरक्षित मतदारसंघांतून निवडून गेलेल्या खासदारांनी हा प्रश्न एकदा तरी संसदेत विचारावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

तोपर्यंत ज्यांनी कार्डाने पैसे भरले त्यांनी बँकेकडे चार्जबॅकचा अर्ज लगेच करावा. बुडीत कंपनीच्या बाबतीत तोच मार्ग त्यातल्या त्यात जवळचा. सध्या आमच्याकडे अशी दोन प्रकरणे आहेत. एक आखातातून परतलेल्या सुताराचे, दुसरे एका विद्यार्थिनीचे. सुताराच्या प्रकरणात दोन वर्षे भरायला नऊ दिवस उरले असताना तक्रार दाखल झाली. विद्यार्थिनीने सगळे संदेश, सगळ्या पावत्या तारीखवार लावून आणल्या होत्या. आम्हाला फक्त सही घ्यायची होती. तिची पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे.